भेटण्याची वेळ : आठ ते दहा

ओट्यावर नऊ माणसं बसली होती आणि त्यांतलं एकही आजारी दिसत नव्हतं.

नोव्हेंबर संपत आला होता. सकाळचे सव्वाआठ. धुकं एवढं होतं की जीप पुढ्यात येऊन थांबली तेव्हा कुठे ओटा दिसला. माणसं शाली पांघरून, भिंतीला टेकून ओळीने बसली होती. मधोमध एक मुलगी एका म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसली होती. स्टेथोस्कोप म्हाताऱ्याच्या कानात होता. त्याचं दुसरं टोक त्याच्याच छातीवर होतं आणि मुलीने ते नुसतं धरून ठेवलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. ओट्यावर कोणी बोलत नव्हतं. जीपचं इंजिन बंद झालं, तरी कोणी मान वळवली नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा आरोग्य अधिकारी होतो. सोबत ठाणेदार आणि एक शिपाई होता. गावाला इथे मोहधरा म्हणू. माणसांचीही नावं बदलली आहेत. आम्ही बोगस डॉक्टर पकडायला गेलो होतो.

"जायचं पुढे?" ठाणेदारांनी हळू आवाजात विचारलं.

"त्याचं ऐकून होऊ द्या," मी म्हणालो.

पंचनाम्यात हे वाक्य नाही.

दोन दिवसांपूर्वी जिल्ह्याच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला होता.

"मोहधऱ्याचा फोटो पाहिलात?"

"नाही सर."

"पाहा. तीन दिवसांत रिपोर्ट पाहिजे. कारवाईसकट."

फोटो एका फ्लेक्सचा होता. बसथांब्याजवळ दोन बांबूंना बांधलेला. वर मुलीचा पासपोर्ट साइज फोटो मोठा करून लावलेला, त्यामुळे चेहरा जरा धूसर. मजकूर असा : 'गावाची कन्या डॉ. वैशाली, एम.बी.बी.एस. (किर्गिझस्तान). परदेशी डॉक्टरांची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण. हार्दिक अभिनंदन. समस्त गावकरी मंडळी.' इथवर ठीक होतं. खाली लाल अक्षरांत आणखी एक ओळ होती : 'भेटण्याची वेळ : सकाळी ८ ते १०.' तक्रार निनावी होती. तक्रारीत दुसरं काही लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिण्याची गरजही नव्हती.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. परदेशात एम.बी.बी.एस. केलेल्या मुलाला इथे लगेच डॉक्टर म्हणून बसता येत नाही. आधी एफ.एम.जी.ई. नावाची परीक्षा. ती पास झाली की राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, म्हणजे तात्पुरती नोंदणी. ती मिळाली की भारतातल्या हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. ती पूर्ण झाली की कायमची नोंदणी आणि नोंदणी क्रमांक. तो क्रमांक हातात येईपर्यंत स्वतःचा पेशंट तपासायचा नाही, औषध लिहायचं नाही, नावाआधी 'डॉ.' लावून बसायचं नाही. जो असं करतो त्याला सरकारी भाषेत बोगस डॉक्टर म्हणतात आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. अशा लोकांना शोधण्यासाठी तालुक्याला एक समिती असते. तिचं कागदी काम माझ्याकडे होतं.

वैशाली जुलैच्या निकालात परीक्षा पास झाली होती. नोंदणीचा अर्ज भरला होता. पोर्टलवर चार महिने एकच ओळ दिसत होती : 'अंडर प्रोसेस'. कारण लॉकडाउनचं वर्ष. त्या वर्षी कॉलेज बंद पडलं तेव्हा ती गावी आली होती आणि ऑनलाइन शिकली होती. मोबाइलला रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाखाली. ती वही घेऊन सकाळी टेकडीवर जायची. हजारो मैलांवरून कोणी तरी हृदयाचे चार कप्पे समजावून सांगत असे आणि मोहाची फुलं वहीवर पडत. पुढे तिने तिकडे जाऊन ते वर्ष भरून काढलं. त्याचा वेगळा दाखला होता. त्याची पडताळणी चालू होती.

या अवस्थेत व्यवसाय केल्याचा गुन्हा अंगावर आला असता तर अर्ज बाजूला पडला असता. किती वर्षांसाठी, ते कोणीच सांगू शकलं नसतं. सहा वर्षांचं शिक्षण, परीक्षा, सगळं माझ्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं होतं.

गावाची बाजूही सांगायला हवी. मोहधऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र सहा किलोमीटरवर. इमारत चांगली आहे. आवारात सागाची झाडं आहेत. पोर्चमध्ये आजवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावांचा फलक आहे, नावापुढे कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं. शेवटच्या नावाखाली पेंटरने 'रिक्त' असं लिहिलं होतं, पुढे तारीखही टाकली होती. त्या तारखेला चौदा महिने झाले होते. नर्स आणि फार्मासिस्ट होते. डॉक्टरांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे, का ते कोणाला माहीत नव्हतं. जाहिरात तीनदा दिली होती. एक डॉक्टर येऊन इमारत पाहून गेला होता.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. कानातून नळ्या काढून मुलीच्या हातात दिल्या. मग आमच्याकडे पाहिलं.

"तुमाले बी आयकाचं हाये का?" त्याने विचारलं.

त्याचं नाव किसनबावा. वय त्याच्या सांगण्यानुसार ऐंशीच्या आसपास.

"काय आजार आहे बाबा?" ठाणेदारांनी विचारलं.

"आजार कायचा? काळीज चालू हाये का बंद पडलं ते पाहून घेतो रोज सकाळी. मंग कापसात जातो."

"रोज?"

"रोज. दवाखान्यात कोनी आयकू देते का? थेच आयकते अन् थेच लिवते. आपल्याले काय समजते?"

शिपाई हसला. ठाणेदारांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

वैशाली उभी राहिली होती. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, वर वडिलांचं स्वेटर. मी ओळख सांगितली, कशासाठी आलो ते सांगितलं. तिने आतून दोन खुर्च्या आणल्या. मी प्रश्न विचारत गेलो, शिपाई लिहीत गेला.

"रोज इथे बसता?"

"हो सर. आठ ते दहा."

"काय करता?"

"बी.पी. मोजते. कागद असतील तर वाचून दाखवते. कुठे जायचं ते सांगते."

"औषध देता?"

"नाही."

"कधीच नाही?"

"एकदा दिलं. पॅरासिटामॉल."

ठाणेदारांनी खिशातलं पेन काढलं. "कोणाला?"

"माझ्या बाबांना. ताप होता."

पेन परत खिशात गेलं.

एवढ्यात सरपंच आले. बंडूभाऊ. धुक्यातून आधी त्यांचा मफलर दिसला, मग ते. फ्लेक्सची गोष्ट निघताच त्यांनी छाती पुढे काढली.

"तो फ्लेक्स मायाच हाये. पुऱ्या तालुक्यात असा फ्लेक्स नसन."

"वेळ कोणी लिहिली?"

"म्याच."

"कशासाठी?"

"सायेब, पोरगी पुस्तकं घिऊन बसते, अन् लोकं दिवसभर दारात. कोनी कागद घिऊन येते, कोनी पाय दाखवते. तिले दुपारी जेवू देत नोते. म्हनून म्या टाइम टाकला. आठ ते दहा. त्याच्याबाहेर कोनी आला तं म्या आडवतो."

"सरपंच, दवाखान्याच्या बोर्डावर असंच लिहिलेलं असतं."

"मंग बरोबरच हाये न."

बंडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग ठाणेदारांकडे, मग वैशालीकडे.

"नाई काय?"

गर्दी कमी व्हावी म्हणून लिहिलेली ओळ दवाखाना चालवल्याचा पुरावा झाली होती. मी तेवढंच साध्या शब्दांत सांगितलं. परीक्षा पास होणं आणि डॉक्टर होणं यांच्यामध्ये अजून दोन पायऱ्या आहेत, हेही सांगितलं. बंडूभाऊ ओट्याच्या पायरीवर बसले. मफलर सोडून त्यांनी गुडघ्यावर ठेवला.

"लोकांना तुम्ही काही लिहून देता का?" मी वैशालीला विचारलं.

"चिठ्ठी देते."

"त्या चिठ्ठ्या पाहायच्या आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणा."

माणसं उठून धुक्यात गेली. काही वेळ ओटा रिकामा राहिला. मग एकेक जण पिशवी घेऊन परत येऊ लागला. या भागात घरातले महत्त्वाचे कागद कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत ठेवतात. पिशवी चिवट असते, पाणी आत जात नाही. वर फुटलेल्या बोंडांचं रंगीत चित्र असतं. आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, मुलीची टी.सी., एक्स-रे, सगळं एकाच पिशवीत. ओट्यावर तशा पंधरा-वीस पिशव्या जमल्या. बायकाही आल्या. कोणी घाई केली नाही. चिठ्ठ्या शोधून, सरळ करून, सतरंजीवर मांडल्या गेल्या. वारा नव्हता, त्यामुळे एकही उडाली नाही. जिकडे पाहावं तिकडे पांढरं होतं, धुकंही आणि कागदही.

एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. मी प्रत्येक वाचली. 'बी.पी. १७०/१००. दोनदा मोजलं. कृपया पाहावे.' 'डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाटतो. नेत्र विभाग, गुरुवार.' 'साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी जाणे. बस ९.४०.' तिने बसच्या वेळाही लिहिल्या होत्या. तिसाव्या चिठ्ठीपर्यंत औषधाचं नाव नव्हतं.

एकतिसावी ठाणेदारांच्या हातात होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे दिली.

'ड्युटी डॉक्टरांस. गजानन, वय ३४. सकाळपासून कपाशीत फवारणी. घाम, लाळ, उलटी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फवारणीची विषबाधा वाटते. अ‍ॅट्रोपिन लागेल. फवारणीच्या औषधाचा डबा सोबत पाठवत आहे. वेळ ११.२०.'

अ‍ॅट्रोपिन हे अशा विषबाधेत देण्याचं इंजेक्शन.

"औषधाचं नाव आहे, सही आहे, तारीख आहे," ठाणेदार म्हणाले. "डॉक्टरसाहेब, याला तुम्ही काय म्हणता ते मला माहीत नाही. कोर्ट प्रिस्क्रिप्शन म्हणेल."

ते चुकीचं बोलत नव्हते. मीही तोच विचार करत होतो.

भिंतीजवळून एक माणूस पुढे आला. "सायेब, थो कागद माया हाये. फाडता काय?"

"तू गजानन?"

"हो. फाडू नका. लॅमिनेशन कराचं हाये मले त्याचं."

मी चिठ्ठी परत वाचली. मग सगळ्या एकतीस चिठ्ठ्यांच्या सह्या पाहिल्या. प्रत्येकीवर नुसतं 'वैशाली' लिहिलं होतं.

"डॉ. का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"अजून नाही ना झाले, सर," ती म्हणाली.

शिपायाने हे लिहून घेतलं. मी दोनदा तपासलं की लिहिलं आहे.

फ्लेक्स जप्त करायचा होता. बसथांब्यावर गेलो तर नुसते बांबू आणि सुतळीचे तुकडे. बंडूभाऊ म्हणाले, "तो वैशालीच्या घरामांगं हाये." मागच्या आवारात वेचलेल्या कापसाचा ढीग होता, माणसाच्या छातीएवढा. त्याच्यावर फ्लेक्स पांघरलेला होता. वैशालीचा मोठा, धूसर चेहरा आभाळाकडे पाहत होता. त्यावर दवाचे थेंब साचले होते. लाल ओळ कडेला दुमडून आत गेली होती.

"काढा," ठाणेदार म्हणाले.

"दहिवरानं कापूस वला होईन न सायेब," मागून वैशालीचे वडील म्हणाले.

ठाणेदारांनी ढिगात हात घालून पाहिला. मग त्यांनी शिपायाला फोटो काढायला सांगितला आणि सुपूर्दनामा लिहायला सांगितला. सुपूर्दनामा म्हणजे जप्त केलेली वस्तू कोणाच्या तरी ताब्यात ठेवायची आणि मागितली की हजर करायची, असं लिहून घेणं. ताबेदार म्हणून बंडूभाऊंची सही घेतली. जबाबात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की फ्लेक्स आपणच लावला, वेळही आपणच टाकली, मुलीला विचारलं नव्हतं. सही करताना ते म्हणाले, "आजवर पंचवीस फ्लेक्स लावले. एकाही फ्लेक्सनं असं नाई केलं."

दुपारी ग्रामीण रुग्णालयात गेलो. धुकं उठलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बायका ओळीने वाकून वेचत होत्या आणि जीप जवळून गेली तरी कोणी वर पाहत नव्हतं. कॅज्युअल्टीचं रजिस्टर मागवलं. चिठ्ठीवरच्या तारखेला, सप्टेंबरमध्ये, गजाननची नोंद होती. आणल्याची वेळ १२.१५. 'चिठ्ठी व डबा सोबत.' अ‍ॅट्रोपिन सुरू १२.२०.

त्या दिवशी ड्युटीवर असलेले डॉक्टर भेटले. तरुण होते.

"चिठ्ठी आठवते?"

"आठवते. त्या आठवड्यात उन्हाने चक्कर येऊन पडलेले बरेच होते. चिठ्ठी नसती तर मी आधी सलाइन लावलं असतं."

"आणि मग?"

"बाहुल्या मी पाहिल्याच असत्या. पण किती वेळाने, ते सांगता येणार नाही."

"हे लिहून द्याल?"

बोगस डॉक्टरच्या फाइलमध्ये आपलं नाव घालायला कोणाला आवडत नाही. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग कागद ओढला.

रिपोर्ट अडीच पानांचा झाला. त्यात एक परिच्छेद लिहायला मला संध्याकाळ लागली. प्रिस्क्रिप्शन पेशंटसाठी असतं. ते दुकानात दाखवून औषध मिळतं. रेफरल चिठ्ठी डॉक्टरसाठी असते. तिच्यातली माहिती मानायची की नाही, ते तो डॉक्टर ठरवतो. आशा ताईदेखील चिठ्ठी लिहून पेशंट पाठवते. एकतिसावी चिठ्ठी 'ड्युटी डॉक्टरांस' लिहिलेली होती आणि निर्णय ड्युटी डॉक्टरांनी घेतला. चिठ्ठीत औषधाचं नाव आहे, हेही मी लिहिलं. ते लपवलं असतं तर बाकीचा रिपोर्ट कशाला कोणी खरा मानला असता?

साहेबांचा फोन आला.

"कारवाई कुठे आहे?"

"गुन्हा होत नाही सर. समज द्यावी, अशी शिफारस आहे."

"औषधाचं नाव आहे म्हणता आणि गुन्हा नाही म्हणता."

"चिठ्ठी डॉक्टरच्या नावे आहे सर. पेशंटच्या नाही. सोबत कॅज्युअल्टीची नोंद आहे, डॉक्टरांचं पत्र आहे."

"उद्या पेपरवाल्यांनी विचारलं तर?"

"चिठ्ठीच दाखवू सर."

पलीकडे रिपोर्टची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. ओटा मात्र बंद. लेखी."

समजपत्र घेऊन मी स्वतः गेलो. वैशालीने उभ्यानेच वाचलं.

"बी.पी. पण नाही?"

"बी.पी. पण नाही."

"कागद वाचून दाखवले तर?"

"ते कोणीही वाचू शकतो."

तिने सही केली. पेन परत देताना विचारलं, "आणि किसनबावा?"

"नुसतं ऐकण्याबद्दल आदेशात काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

ओटा बंद झाला. पुढच्या तीन महिन्यांत मोहधऱ्याचे लोक परत सहा किलोमीटरवर रिकाम्या खुर्चीपर्यंत जाऊ लागले आणि तिथून पुढे तालुक्याला. त्यात कोणाचं काही बिघडलं का, याची नोंद कुठेच नाही. समजपत्राचा हा परिणाम मला अजून आठवतो.

पळस फुलला तेव्हा तिची प्रोव्हिजनल नोंदणी आली. त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. मग नोंदणी क्रमांक. त्या सुमारास केंद्राच्या जागेची कंत्राटी जाहिरात चौथ्यांदा निघाली. एकच अर्ज आला.

तिच्या रुजू होण्याच्या दिवशी मी केंद्रावर होतो. माझ्या निवृत्तीला एक महिना राहिला होता. खुर्ची कोणी तरी दरवाजाकडे वळवून ठेवली होती. पोर्चमधल्या फलकावर पेंटर काम करत होता. 'रिक्त' खोडायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने ते तसंच ठेवलं, त्याच्यापुढे शेवटची तारीख घातली आणि खालच्या ओळीत तिचं नाव लिहिलं. त्यामुळे आजही फलकावर असं वाचता येतं की डॉ. वैशालीच्या आधी या केंद्रात रिक्त नावाचे अधिकारी होते आणि सगळ्यांत जास्त काळ तेच टिकले.

बंडूभाऊ आले होते. हात रिकामे होते. फ्लेक्सचं विचारलं तर म्हणाले, "तो सुपूर्दनाम्यावर हाये न सायेब. पोलीस मागतीन तवा देतो. तवर कापसावर." फाइल बंद झाली आहे. सुपूर्दनामा रद्द करायचा राहून गेला.

पहिला पेशंट साडेआठला आला. किसनबावा, एस.टी.ने. खिडकीवर त्याला केसपेपर काढायला सांगितलं. केसपेपरवर 'तक्रार' असा रकाना असतो. नर्सने विचारलं, "काय तक्रार बाबा?" तो म्हणाला, "तक्रार कायची? आयकाले आलो." नर्सने आत पाहिलं. वैशालीने आतूनच सांगितलं, "तसंच लिहा." मग तिने स्टेथोस्कोप त्याच्या कानात घातला. बाहेरच्या रांगेतली माणसं आपोआप गप्प झाली.

त्या केसपेपरवर तिने पहिल्यांदा 'डॉ.' लावून सही केली, खाली नोंदणी क्रमांक घातला. औषधाच्या रकान्यात रेघ मारली.

या प्रकरणातून तालुक्याला एवढंच शिकायला मिळालं : पाटीवर नोंदणी क्रमांक आधी, नाव त्यानंतर, वेळ सगळ्यांत शेवटी. पुढच्या समितीच्या बैठकीत मी ते सूचना म्हणून मांडलं. ते इतिवृत्तात आहे.